बोगद्यातला दिवा

१९ नोव्हेंबर १९३४, नाशिक

सरकारचे मी आजवर पुष्कळ सोसले. मिठावरचा कर सोसला, कोर्टातला न फिरणारा पंखा सोसला, कलेक्टरसाहेबांचे मराठी भाषण तर टाळ्या वाजवून सोसले. पण परवा जे सोसावे लागले त्याची नोंद कुठेतरी राहिली पाहिजे, म्हणून दिवाळीत एका अशिलाने दिलेली ही कोरी वही आज उघडतो आहे.

तक्रार अशी: इगतपुरी आणि कसारा यांच्यामधल्या बोगद्यांत आता भर दुपारी डब्यातले दिवे लावतात.

गुन्हा लहान वाटेल. तसा तो नाही. आपल्या आजोबांच्या पिढीतल्या माणसांनी त्या डोंगरात सुरुंग लावले, ती पटकीने आणि दरडींखाली मेली, आणि उरलेली पलीकडे निघाली तेव्हा कुठे उतारूंना हा काळोख मिळाला. तिकिटात घाट, दऱ्या आणि काळोख असे तिन्ही माल धरलेले असत. बोगदा आला की मुले ओरडायची, म्हातारे कवळी काढून पुसायचे, आणि सुना डोक्यावरचा पदर क्षणभर खाली सोडून वारा घ्यायच्या. कुणाचे कुणाला दिसत नसे. सबंध दिवसात हिंदू एकत्र कुटुंबाला मिळणारा एकांत तेवढाच. आता इगतपुरीला गार्ड कळ फिरवतो, घुमटात पिवळा दिवा लागतो, आणि आठ माणसे बोगदा संपेपर्यंत एकमेकांच्या नाकांकडे पाहत बसतात. या आठवड्याच्या ‘चिमट्या’त हाच विषय घेणार. (‘चिमटा’ हे आमच्या साप्ताहिकातले माझे सदर. वकिली पोटासाठी, चिमटा प्रकृतीसाठी.)

मुंबईला जाण्याचे कारण हिचे डोळे. उजवा डोळा काचबिंदूने गेल्या वर्षीच गेला. डावा आता कडेकडेने मिटत चालला आहे. समोरचे दिसते, बाजूचे दिसत नाही. मुंबईचे डॉक्टर म्हणतात, नुसत्या थेंबांनी भागायचे नाही, शस्त्रक्रिया करा. साधली तर आहे एवढी नजर राहील. बिघडली तर हाही डोळा आजच जाईल. न केली तर वर्षभरात आपोआप जाईल. निवाडा हिच्यावर सोडला आहे आणि ही तारखा मागून घेते आहे.

परतताना बोगद्यात ही म्हणाली, “दिवा नसता तर बरं झालं असतं.”

उजेड डोळ्यांत खुपत असणार. रेल्वे कंपनीविरुद्ध हा आणखी एक मुद्दा.

२३ नोव्हेंबर

घरात काहीतरी चालले आहे आणि मला कुणी सांगत नाही. घरात आम्ही दोघेच, तेव्हा ‘कुणी’ म्हणजे हीच.

एक, स्वयंपाकघरातले डबे हलले आहेत. तिखट, हळद, मीठ अशी उंचीप्रमाणे रांग लागली आहे आणि प्रत्येकाच्या झाकणाला वेगळ्या गाठीचा दोरा बांधला आहे. मी चहात मीठ घातले. दोन, ही दुपारी डोळे मिटून ओटीवरून परसात आणि परसातून ओटीवर चालते. मी विचारले, “हे कुठलं व्रत?” म्हणाली, “आहे एक.” तीन, आणि हे सर्वांत त्रासाचे: मी जेवायला बसलो की समोर बसून माझ्याकडे पाहत राहते. पूर्वी माझ्या ताटाकडे पाहायची. मी दोनदा मिशा पुसल्या.

“काय लागलंय का?” मी विचारले.

“नाही. जेवा तुम्ही.”

“मग बघतेस काय?”

“तुमच्या डाव्या भुवईत एक पांढरा केस आहे. कधी आला?”

सत्तेचाळिसाव्या वर्षी माणसाच्या भुवईची अशी उलटतपासणी घेऊ नये.

२७ नोव्हेंबर

आज पुन्हा मुंबई. थेंब बदलले. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचे पुन्हा विचारले. ही म्हणाली, “थोडं थांबू या. अजून दिसतंय.” “दिसतंय तोवरच करायची असते बाई,” डॉक्टर म्हणाले. ही हसली. मला त्या हसण्याचा राग आला आणि तो मी परतीच्या टांगेवाल्यावर काढला.

जाताना डब्यात लासलगावचे एक कांद्याचे व्यापारी भेटले. इब्राहिमशेठ. देह असा की इंटर क्लासच्या बाकावर दोन तिकिटांची जागा व्यापून वर संकोच करतो. मुंबईला दर आठवड्याला त्यांचा कांदा जातो आणि कांद्यामागून ते जातात. बोलका माणूस, निफाडपासून बोलत आला होता म्हणे. पण इगतपुरीला वाफेचे इंजिन काढून विजेचे लावले तसा गप्प झाला. पहिल्या बोगद्यात त्याने घुमटातल्या दिव्याकडे जी नजर लावली ती बाहेर पडेपर्यंत काढली नाही.

“कंपनीनं हे एक काम बेस केलं, वकीलसाहेब,” बाहेर आल्यावर म्हणाला. “दिवे लावले.”

मी माझी सबंध तक्रार त्याला ऐकवली. सुरुंग, पटकी, एकांत, सगळे. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, “तुमचं खरं हाय. पन मी लासलगावचा मानूस. आमच्याकडं डोंगर म्हंजे कांद्याचा ढीग. डोंगराच्या पोटात शिरायची आपल्याला सवय नाय. वाटतं, पुढलं तोंड कुनी बुजवून टाकलं असलं तर?”

“भाऊसाहेब, मागलं तोंड असतंच की,” ही म्हणाली.

“तेबी बुजवलं तर, वहिनी?”

 ही हसत राहिली.

मग दुसऱ्या बोगद्याच्या आत, दिव्याकडे न पाहता, ही मला हळूच म्हणाली, “अहो, तुम्ही माझं एक देणं लागता. बोगद्यातलं. आठवतं?”

मला आठवेना. तसे कबूल करणे शक्य नव्हते. “माझ्याकडे पुष्कळांची देणी आहेत,” मी म्हटले. “अर्जाला वेळ लागतो.”

 हिने खिडकीकडे तोंड केले, आणि खिडकीत त्या वेळी भिंतीखेरीज काही नव्हते.

१ डिसेंबर

बोगद्यातले देणे. चार दिवस डोके खाजवतो आहे.

मोत्याची कुडी? ती दिली. गाणगापूर? नेले होते, आणि तिथे पोट बिघडले होते. कोर्टात साक्षीदार पाठ करून येतात आणि ऐन वेळी सगळे विसरतात त्यांना मी हसतो. आता मीच पिंजऱ्यात उभा आहे.

एवढे मात्र आठवते. सन सहामध्ये, ही सासरी राहायला आली त्या साली, आम्ही कल्याणला निघालो होतो. मी एकोणीस, ही चौदा-पंधरा. डब्यात वडील आणि आत्या. दोघांच्या देखत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोलायचा नाही, ही तर रीतच. बोगदा आला, डबा काळाकुट्ट झाला, आणि अंधारात माझ्या कानाशी कुणीतरी माझे नाव घेतले. उखाणा नाही, यमक नाही, नुसते नाव. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचे. आणि मग हिने माझ्याकडे काहीतरी मागितले. मी तोंड उघडले आणि बोगदा संपला. समोर आत्या. माझे तोंड उघडेच. आत्या म्हणाली, “जांभई देतोस की काय रे?” मी जांभई दिली.

मागितले काय होते, ते काही केल्या आठवत नाही. विचारायची सोय नाही.

‘चिमटा’ छापून आला. संपादक खूश. कंपनीवर परिणाम शून्य.

४ डिसेंबर

माझ्या हातून आज चोरी झाली. चोरी हा शब्द कायद्याने बरोबर नाही. लबाडीचा हेतू नव्हता. रेल्वे कंपनीची एक चीज मी तात्पुरती हलवली.

इगतपुरीला इंजिन बदलेपर्यंत गाडी थांबते. इब्राहिमशेठ (आज डॉक्टरांकडे निघालो तेव्हाही गाठ पडली) चहाला उतरले, बाकीचेही उतरले. डब्यात मी आणि ही. दिवा अजून लागायचा होता. मी बाकावर चढलो.

“काय करताय?” हिने विचारले.

“ट्रंक नीट ठेवतो.”

दिव्याचा काचेचा गोळा सहज फिरला. रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात टाकला आणि संशय नको म्हणून खाली उतरून मीही चहा मागवला. मनात हिशेब असा की हिच्या डोळ्यांना आज उजेडाचा त्रास नाही. आणि अंधार झाला म्हणजे हात हाती घेऊन सरळ विचारून टाकावे, बाई, देणे कसले ते सांग, फेडतो.

शिट्टी झाली. चहा कढत. गाडी हलताना चढलो, दाराची कडी बसेना. जागेवर टेकतो न टेकतो तो बोगदा. काळोख उत्तम पडला. जुन्या मापाचा, दाट. मी हात पुढे केला आणि शेजारचा हात धरला.

हात अपेक्षेपेक्षा मोठा लागला. मला वाटले, नव्या थेंबांनी सूज आली.  मी तो हात दाबला. त्याने माझा हात माझ्या दुप्पट जोराने दाबला आणि सोडलाच नाही. घामेजला होता. इतकी घाबरली आहे ही, आणि आठवडाभर मला वरून हसून दाखवते आहे! काहीतरी बोलावे म्हणून मी तोंड उघडले आणि, सन सहाप्रमाणेच, बोगदा संपला.

माझ्या मांडीवर माझा आणि इब्राहिमशेठचा हात सुखाने नांदत होते.

ही समोरच्या बाकावर. मी खाली असताना शेठने म्हटले होते, “वहिनी, वाऱ्यानं डोळ्यात धूळ जाईल, तुम्ही माझ्या जागी पाठ करून बसा,” आणि जागा बदलल्या होत्या. आम्ही हात सोडले. दोघेही खिडकीबाहेर पाहू लागलो. शेठच्या बाजूला खिडकी होती. माझ्या बाजूला नुसती फळी.

“दिवा लागला नाय,” शेठ थोड्या वेळाने म्हणाला. आवाज कोरडा पडला होता. “बिघडला वाटतं.”

“बिघडला असेल,” मी म्हटले. खिशातला गोळा बरगडीला टोचत होता.

मग पुढला बोगदा आला. या खेपेला हात त्याने पुढे केला. काय करणार? धरला. कसाऱ्यापर्यंत आमचा असाच संसार चालला. ही समोर बसून ऐकत होती की पाहत होती, कोण जाणे.

५ डिसेंबर

कोट झटकायला घेतला आणि हिच्या हाताला गोळा लागला. बोटांनी चाचपून पाहिला. अगदी हळू, पक्ष्याचे अंडे चाचपावे तसा.

“ही ट्रंक का हो?”

मी कायद्यातला हेतूचा मुद्दा समजावून सांगू लागलो. ही खाली बसली आणि हसू लागली. पदर तोंडात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “आणि अंधारात हात धरलात तो इब्राहिमभाऊंचा!” मध्येच थांबायची आणि पुन्हा हसायची. पंधरा वर्षांत हिला असे हसताना पाहिले नव्हते. चिमट्यातला माझा एकही विनोद इतका लागलेला नाही, आणि यात माझे काहीच लेखन नव्हते.

हसणे ओसरल्यावर म्हणाली, “परत करा बरं तो. लोकांना लागतो.”

“तुलाच त्रास होतो ना उजेडाचा?”

“मला?” ही म्हणाली. “मला उजेडाचा काय त्रास?”

मग दिवा नको होता कशाला? बायकांच्या बोलण्यात सुसंगती शोधणाऱ्याने वकिली करू नये.

१० डिसेंबर

आज सकाळी मी दाढी करत होतो. ही आरशाच्या बाजूला येऊन उभी राहिली, मान वळवून वळवून पाहत. साबणाचा फेस पुसेपर्यंत थांबली. मग म्हणाली, “लिहा डॉक्टरांना. करू या शस्त्रक्रिया. माझं बघून झालं.”

काय बघून झाले ते विचारायचे राहिले, कारण मला हनुवटीला कापले.

१६ डिसेंबर, मुंबई

इस्पितळात नाव घातले. उद्या सकाळी शस्त्रक्रिया.

दाराशी नर्सने विचारले, “बाई, नाव काय तुमचं?”

“ठमा,” ही म्हणाली.

मी म्हटले, “कमळाबाई.”

नर्सने दोघांकडे पाहिले. “नक्की काय?”

“कमळाबाई,” हीच म्हणाली. “हे सांगतात ते.”

भीतीने माणूस असा गोंधळतो. मी नर्सला तसे इंग्रजीत सांगितलेही.

दादरला चुलत भावाच्या घरी येऊन जेवायला बसलो. पहिला घास उचलला आणि तो तसाच खाली ठेवला.

लग्नात ताटात तांदूळ पसरून माझ्या हाती अंगठी दिली होती. हिचे माहेरचे नाव ठमा. वडील म्हणाले, “ठमा-बिमा चालायचं नाही, इंग्रजी शिकलेल्या मुलाच्या बायकोला. कमळा लिही.” मी लिहिले. अक्षर छान आले म्हणून भटजींनी कौतुकही केले. भोवतालच्या बायका ते नवे नाव लगेच घेऊ लागल्या, आणि ताटातले तांदूळ कुणीतरी सारखे करून आत नेले. एवढ्यात एक मुलगी नाहीशी झाली, आणि कुणाला काही चुकल्यासारखे वाटले नाही.

आणि मग तो बोगदा. माझे नाव घेऊन झाल्यावर अंधारात ही म्हणाली होती, “आता तुम्ही माझं घ्या ना. ठमा म्हणा. एकदाच.”

मी जांभई दिली होती.

भावजय विचारू लागली, भाजी आवडली नाही का. आवडली म्हटले.

१८ डिसेंबर

काल झाली. अर्धा तास लागला असेल. मला तो कोर्टाच्या सुट्टीएवढा वाटला. “साधली असं वाटतं,” डॉक्टर म्हणाले. “पट्टी सुटेपर्यंत नक्की सांगत नाही.” दोन्ही डोळे बांधले आहेत, डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या. हलायचे नाही. खोकायचे नाही, शिंकायचे नाही, रडायचे नाही. आणि डॉक्टर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “हसवायचं नाही. मी तुमचं सदर वाचतो. इथे एक शब्द गमतीचा चालणार नाही. टाका तुटेल.”

म्हणजे माझ्या तोंडालाही पट्टी.

खाटेशी बसलो. विनोद वगळून बायकोशी काय बोलतात? मला कुणी शिकवलेच नाही. मी म्हटले, “आज थंडी आहे.” ही म्हणाली, “हो का?” मी म्हटले, “फार नाही.”  शेवटी खिशातून रेल्वेचे वेळापत्रक काढून मोठ्याने वाचू लागलो. आसनगाव, खर्डी, कसारा. ही शांत ऐकत होती. इगतपुरी आली तेव्हा म्हणाली, “थांबा. मधले बोगदे राहिले.”

“बोगदे यात छापलेले नसतात.”

“बरं. मग तिथे थोडं थांबून वाचा.”

मी थांबलो. तेव्हाच ते नाव घ्यायचे. ओठांपर्यंत आले होते. पण पलीकडच्या खाटेवरची आजी, तिची सून, नर्स, दारात उभा शिपाई, सगळे आत्याच वाटू लागले. मी मनाशी कायदा काढला: कर्ज ज्या हद्दीत झाले त्याच हद्दीत फेडायचे. हे बोगद्यातले देणे. मुंबईच्या हद्दीत ते येत नाही. आणि अंधार लागेल.

कायदा मजबूत आहे. रात्री झोप मात्र आली नाही.

२१ डिसेंबर

इब्राहिमशेठ विचारत विचारत इस्पितळात आला. हातात टोपली, तीत नव्या हंगामाचा कांदा, लालबुंद, निवडून निवडून घेतलेला. भेटीला रिकाम्या हाताने जायचे नाही, आणि लासलगावचा माणूस दुसरे काय आणणार? नर्सने टोपलीवरचा कपडा उचलला आणि किंचाळली.

“डोळ्यांच्या वॉर्डात कांदे! सगळे रडतील!”

शेठ इतका ओशाळला की टोपली पोटाशी धरून जिन्यापर्यंत मागे चालत गेला. “वहिनी, माफी करा, माझ्या ध्यानातच नाय आलं. आमच्या घरी आजाऱ्याला कांदाच नेत्यात.”

हिचे ओठ थरथरू लागले. हसू येत होते. मी घाबरून म्हटले, “आसनगाव, खर्डी, कसारा.” ओठ थांबले. उपाय लागू पडला हे लिहून ठेवतो.

बाहेर जिन्यावर शेठ मला म्हणाला, “वकीलसाहेब, त्या दिवशी बोगद्यात... तुम्ही कुनाला बोलला नाय ना?”

“नाही. तुम्ही?”

“मी पन नाय.” मग जरा थांबून, “पन बरं वाटलं.”

टोपली भावजयीला दिली. दादरला सगळे रडताहेत.

२९ डिसेंबर

पट्टी सोडली. खोलीत अंधार करून डॉक्टरांनी पडदा बोटभर सरकवला.

“काय दिसतं?”

 मी खिडकीचा गज धरून उभा होतो. तो उपटून निघाला असता.

“उजेड दिसतो,” ही म्हणाली. “तुमची बोटं दिसतात. तीन.” मग मान हळूच वळवली, त्याच सवयीने. “आणि ते तिकडे उभे आहेत. दाढी केलेली नाही.”

डॉक्टर म्हणाले, आहे ती नजर राहिली. प्रवासात धूळ लागू नये म्हणून घरी पोचेपर्यंत डोळे बांधूनच न्या. मग हळूहळू उघडा.

मी बाहेर जाऊन दाढी करवून आलो.

१२ जानेवारी १९३५, नाशिक

आज घरी पोचलो. परवा संक्रांत; लोक एकमेकांना गोड बोलायला सांगतात आणि माझ्याकडे पाहून थांबतात. थकलो आहे, पण हे आजच लिहून ठेवायचे आहे.

इब्राहिमशेठ मुद्दाम आमच्याच गाडीला आला. ट्रंक त्याने उचलली, डोळे बांधलेल्या हिला हात धरून मी चढवले. डब्यात आणखी एक म्हातारे जोडपे आणि भुसावळचे एक मास्तर. बसल्यावर वर पाहिले. घुमटातली दिव्याची जागा रिकामी! ही माझीच करणी की दुसऱ्या कुणा नवऱ्याची, देव जाणे.

माझ्या मनात आले, देवाने कज्जा माझ्या बाजूने लावला. हद्द तीच, अंधार तयार. नाव घ्यायचे, कुणी पाहायचे नाही.

कसाऱ्याला मागे जोर द्यायला आणखी इंजिन जोडले. गाडी चढू लागली. मग माझे लक्ष शेठकडे गेले. त्यालाही ती रिकामी जागा दिसली होती.  पाय वर घेऊन बसला होता, ओठ हलत होते, आणि हात स्वतःच्याच हातात घट्ट धरलेला. एवढा मोठा माणूस, पण त्या बाकावर आता जेमतेम एका तिकिटाची जागा व्यापत होता.

कोटाच्या खिशात रुमालात गोळा होता. महिनाभर परत करायचा म्हणून बरोबर वागवत होतो आणि कुणाच्या हाती द्यायला धजत नव्हतो.

मी बाकावर चढलो. गाडी हलत होती; शेठने उठून माझे गुडघे धरले. मास्तर आ वासून पाहत राहिले.

“काय चाललंय?” हिने विचारले.

“ट्रंक नीट ठेवतो.”

“बसला का?”

“बसला,” मी म्हटले, आणि त्याच वेळी तो माझ्या हातातच उजळला. शेठने वर पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.  पाय खाली सोडून पुन्हा ऐसपैस झाला.

मी हिच्या शेजारी बसलो. सगळा डबा माझ्याकडे पाहत होता. दिवे खिशातून काढणारा वकील रोज दिसत नाही.

गाडीचा आवाज बदलला, दबून जवळ आला. हिने मान वर केली.

“बोगदा आला ना?”

“आला.”

“दिवा?”

“लागलाय. लख्ख.”

“बरं,” ही म्हणाली, आणि हात मांडीवर नीट ठेवून बसली, गाडी चुकलेला माणूस पुढल्या गाडीसाठी बसतो तशी. रागाने नाही. सवयीने.

मी तो हात घेतला. मास्तर बघत होते, म्हातारी बघत होती. मी म्हटले,

“ठमा.”

आवाज मोठा नव्हता, पण गाडीच्या खडखडाटातही ऐकू गेला असावा, कारण म्हातारीने नवऱ्याला कोपर मारले. इब्राहिमशेठ खिडकीबाहेर पाहू लागला. बाहेर बोगद्याची भिंत होती. ती तो फार लक्ष देऊन पाहत होता.

तो बोगदा लांब आहे. डॉक्टरांनी अजून रडायला बंदी केली आहे, पण ती हिला. मला त्यांनी तसे काही सांगितलेले नव्हते.

पलीकडचा उजेड दिसू लागला तेव्हा हातातल्या हाताने माझा हात दाबला. हा हात लहान होता. ओळखीचा होता.

“पोचलं,” ठमा म्हणाली.